उपग्रहाच्या फोटोत वारा दिसतो का? (निसर्ग, क्यार आणि आमच्या पोफळी)

रोठेवाला (धागाकर्ता) | ५ जून २०२५, सकाळी ९:१२

परवा ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळाला पाच वर्षं झाली. आमची वाडी श्रीवर्धनजवळ. सहाशेच्या आसपास पोफळी होत्या, त्या संध्याकाळी मोजल्या तर उभ्या शंभरही भरल्या नाहीत. माड मुळासकट आडवे झाले. पोफळी मात्र कमरेत मोडल्या, खाली बुंधा जसाच्या तसा. ते रडगाणं आज गायचं नाही, प्रश्न वेगळा आहे.

त्या सकाळी नेट जाईपर्यंत मी फोनवर उपग्रहाचं चित्र बघत होतो. पांढरा-करडा गोळा, एका अंगाने विस्कटलेला. मधला तो प्रसिद्ध डोळा मला काही सापडेना. मी आईला म्हटलं, "फार काही नाही हे." कारण त्याच्या आदल्या ऑक्टोबरात 'क्यार' पाहिलं होतं. त्याचं चित्र म्हणजे कॅलेंडरवर छापावं असं, गोल गरगरीत आणि मधोमध स्वच्छ भोक. आणि झालं काय? कापलेलं भात भिजलं, एवढंच.

तर चित्रात वारा दिसतो की नाही? आणि भर समुद्रात वारा मोजायला कोणी उभं नसताना 'ताशी ११० किलोमीटर' हा आकडा येतो कुठून? जाणकारांनी जरा फोड करून सांगावी.

---

पिंपळपान | ९:४०

वारा दिसला असता तर हवामान खात्यावरचे निम्मे विनोद बंद पडले असते. (पळतो)

---

ढगवाचक | १०:५५

वारा दिसत नाही. दिसतात ते ढगांचे माथे, तेही पंधरा-सोळा किलोमीटर उंचीवरचे. तुमच्या पोफळी मोडणारा वारा त्या छपराखाली असतो. तुम्ही बघत होतात ते बहुधा अवरक्त चित्र. ते खरं तर फोटो नव्हेच, तापमानाचा नकाशा आहे. जेवढा ढग उंच तेवढा त्याचा माथा गार, आणि जेवढा गार तेवढा चित्रात पांढरा. म्हणून रात्रीही चित्र मिळतं. साध्या प्रकाशातलं चित्र सूर्य बुडाला की संपलं.

आता आकडा. व्हर्नन ड्वोरॅक नावाच्या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९७०च्या दशकात एक पद्धत बसवली. तेव्हा अमेरिकेची विमानं वादळात शिरून वारा आणि दाब मोजत. ड्वोरॅकने ती मापं आणि त्या वेळची उपग्रहचित्रं शेजारी ठेवली, आणि ढगांची कुठली ठेवण असताना वारा साधारण किती असतो याचे नियम काढले. ढगांचा पट्टा केंद्राभोवती किती गुंडाळला गेलाय, केंद्र ढगाखाली आहे की उघडं पडलंय, डोळा असेल तर तो भोवतीच्या कड्यापेक्षा किती उबदार आहे, कालच्या मानाने आज काय बदललं. या सगळ्यावरून एक 'टी' आकडा येतो, १ ते ८, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने. टी २.५ म्हणजे ३५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), तिथे आपण 'चक्रीवादळ' म्हणायला लागतो. टी ३.५ ला ५५ नॉट, टी ४ ला ६५, टी ५ ला ९०.

५५ नॉटचे किलोमीटर करा, १०२ होतात. निसर्गसाठी तुम्ही ऐकलेला शंभर-एकशेदहाचा आकडा त्याच खणातला.

क्यारचा डोळा स्वच्छ होता कारण ते सुपर सायक्लोन झालं, म्हणजे १२० नॉट किंवा जास्त. पण ते झालं तेव्हा ते किनाऱ्यापासून कितीतरी लांब, ओमानच्या वाटेवर होतं. सगळ्यात जोराचा वारा डोळ्याला लागून असलेल्या कड्यात असतो, तिथून बाहेर तो झपाट्याने उतरतो. ताकदीचं वादळ लांबून गेलं आणि मध्यम वादळ अंगावरून गेलं. तुमच्या दोन चित्रांतला फरक एवढाच.

---

रोठेवाला | ११:२०

वा! म्हणजे आमच्याकडे व्यापारी येतो तसंच. वाडीत एक फेरी मारतो, मान वर करून घड बघतो आणि सांगतो, "अमुक मण निघेल." वीस वर्षांत फारसा चुकलेला नाही. पण शेवटी काटा तो काटा. काट्यावर घालत नाही का कोणी?

---

सातवा_मजला | ११:४८

असहमत. याला शास्त्र म्हणायचं? ठोकताळा आहे हा. मी २०२१ च्या तौक्ते वादळाच्या वेळी आपल्या खात्याचा आणि अमेरिकन नौदलाच्या केंद्राचा, दोन्ही आकडे लिहून ठेवत होतो. एकाच वादळाचे दोन वेग. एकाने तरी थाप मारलीच असणार.

---

ढगवाचक | १२:३०

@सातवा_मजला, थाप कोणाचीच नाही. ते वाऱ्याची एका मिनिटाची सरासरी धरतात, आपण तीन मिनिटांची. कमी वेळाची सरासरी नेहमी थोडी चढीच येते. शिवाय दोन माणसं एकाच चित्राला अर्धा टी इकडेतिकडे देऊ शकतात, हे त्या पद्धतीत गृहीतच आहे. अर्धा टी म्हणजे दहा-बारा नॉट. वरच्या पायऱ्यांवर त्याहून जास्त.

आणि ही पद्धत टिकली कशी ते बघा. आपल्याकडे वादळात विमान धाडायची नेहमीची सोय नाही. अमेरिकेनेही पश्चिम प्रशांतातली अशी उड्डाणं १९८७ मध्ये बंद केली. मग उरतं काय? चित्र आणि ते वाचणारा डोळा. आता संगणकही तेच वाचन करतो, पण समोर माणूस बसलेला असतोच.

@रोठेवाला, काटाही आहे. पण तो तुमच्या वाडीवरून दिवसातून एक-दोनदाच जातो. जेवून येतो, मग लिहितो.

---

चहाबिस्कीट | १२:४१

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. तौक्ते म्हणजे म्यानमारच्या भाषेत पाल, एवढंच ज्ञान माझ्याकडून. पाल चुकचुकली तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

---

तांडेलाचो_नातू | दुपारी १:३५

मी देवगडचा. आजोबा तांडेल होते. त्यांनी शिकवलेली एक गोष्ट: वाऱ्याला पाठ देऊन उभा रहा, वादळ तुझ्या डाव्या हाताला. उपग्रह नाही, रेडिओ नाही, पण केंद्र कुठे आहे ते होडीवर कळायचं. पुढे नेव्हिगेशनच्या कोर्सला हेच एका डच माणसाच्या नावाने शिकवलं तेव्हा हसू आलं.

२०१७ च्या 'ओखी'ला डिसेंबरच्या सुरुवातीला आमच्या बंदरात केरळ-तामिळनाडूच्या ६८ बोटी आल्या, साडेनऊशेच्या वर खलाशी. आम्ही धक्क्यावर पेज आणि कपडे घेऊन गेलो होतो. भाषा कळेना, खुणांनी बोलणं. एक पोरगा माझ्या फोनवरचं ढगांचं चित्र बघून बोट ठेवून दाखवत होता, 'इथे होतो आम्ही'. बोट ठेवलं ते थेट पांढऱ्यात.

ओखी २९ नोव्हेंबरच्या सकाळी साधा कमी दाबाचा पट्टा-बिट्टा म्हणावा असं होतं, दुसऱ्या दिवशी चक्रीवादळ. उपग्रहाला ते दिसत होतं हो. पण चार दिवसांपूर्वी खोल दर्यात गेलेल्या बोटीला कोण सांगणार? बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ किनाऱ्यापासून थोडाच चालतो. चित्र दिल्लीत, माणूस दर्यात. देवाक काळजी.

---

ढगवाचक | २:१०

छान लिहिलंत. एक दुरुस्ती: २९ तारखेला त्याला 'डिप्रेशन' म्हटलं होतं, कमी दाबाच्या पट्ट्याच्या पुढची पायरी. पण मुद्दा बरोबरच आहे. उशिरा जागं होऊन एका दिवसात वाढणारं वादळ ही सगळ्यांचीच डोकेदुखी. निरोपाच्या बाबतीत ओखीनंतर एक गोष्ट झाली. २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचं छोटं यंत्र आलं, ते उपग्रहामार्फत आलेला इशारा बोटीवरच्या मोबाइलवर दाखवतं. फक्त ऐकू येतं, उलट बोलता येत नाही.

आता काटा. स्कॅटरोमीटर नावाचं उपकरण असतं. ते वरून समुद्रावर रेडिओलहरी सोडतं आणि परत किती आल्या ते मोजतं. वाऱ्याने पाण्यावर बारीक चुण्या पडतात. शांत पाण्यावरून लहर पुढे निसटते, चुण्यांवरून परत फिरते. त्यावरून वेग आणि दिशा दोन्ही. ढग आड येत नाहीत. इस्रोने ओशनसॅट-२ वर ते २००९ मध्ये पाठवलं, मग स्कॅटसॅट-१ (२०१६), आता २०२२ चा ओशनसॅट-३.

खोट कुठे? हे उपग्रह खालून, ध्रुवांवरून फिरतात, त्यामुळे एकाच जागी टक लावून बघत नाहीत. कधी पट्टा वादळावर बरोबर येतो, कधी वादळ दोन पट्ट्यांच्या फटीत. मुसळधार पावसात माप बिघडतं. आणि किनाऱ्याला लागून असलेल्या पट्टीत जमिनीचा परतावा मिसळतो. म्हणजे वादळ तुमच्या दारात आलं की काटा बंद!

टक लावून बघतो तो इन्सॅट, विषुववृत्तावर ३६ हजार किलोमीटर उंच. निसर्गच्या वेळी इन्सॅट-३डी आणि ३डीआर असे दोन होते. एकाचं चित्र अर्ध्या तासाने येतं, दोघांच्या वेळा आलटून-पालटून ठेवल्या की पंधरा मिनिटांनी. तिसरा, ३डीएस, फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडला.

---

मस्कतची_माई | ३:२५

आम्ही मस्कतला अठरा-वीस वर्षं आहोत. जून २००७ चं 'गोनू' अंगावर घेतलंय. अरबी समुद्रातलं पहिलं नोंदलेलं सुपर सायक्लोन, क्यार दुसरं. टीव्हीवर तो डोळा बघून शेजारच्या वहिनी रामरक्षा म्हणत बसल्या होत्या. प्रत्यक्षात इथे पोचेपर्यंत वाऱ्याचा जोर बराच उतरला होता. आम्हाला मारलं ते पाण्याने. ओमानात कोरड्या नदीला 'वादी' म्हणतात, वर्षभर त्यात पोरं क्रिकेट खेळतात. ती वादी एका रात्रीत गाड्या वाहून घेऊन गेली. आमचीही गेली, नवी कोरी.

श्रीवर्धनकरांची वाडी वाऱ्याने गेली, आमची गाडी वादीने. चित्रात पाऊस तरी दिसतो का हो?

---

ढगवाचक | ३:५०

माई, पाऊसही थेट नाही. पांढरा माथा म्हणजे पाऊस असेलच असं नाही, वरवर पसरलेला पातळ ढगही तसाच दिसतो. त्यासाठी सूक्ष्मलहरींची उपकरणं. ती वरचा पातळ ढग ओलांडून आतलं पाणी आणि बर्फाचे कण बघतात. २०१४ चा जीपीएम उपग्रह त्यातला. कित्येकदा अवरक्त चित्रात डोळा झाकलेला असतो आणि सूक्ष्मलहरींत आतलं कडं चक्क गोल दिसतं. रोठेवाले, तुमचं नेमकं तेच झालं असावं. वरून झाकण होतं. मुंबईच्या रडारवर मात्र त्या सकाळी डोळा दिसत होता आणि तो आकुंचत चालल्याचं खात्याने पत्रकात म्हटलंही होतं. डोळा आवळला म्हणजे सहसा जोर वाढला.

---

सातवा_मजला | ४:१५

मग मुंबई कशी वाचली? आम्ही सातव्या मजल्यावर खिडक्यांना चिकटपट्ट्या लावून बसलो होतो. एका नामांकित वाहिनीचा निवेदक सकाळपासून किंचाळत होता. दुपारी साधा पाऊस. त्या चिकटपट्टीचे डाग अजून काचेवर आहेत.

---

तांडेलाचो_नातू | ४:३२

मुंबई डाव्या हाताला राहिली म्हणून. आपल्याकडे वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. निसर्ग ईशान्येकडे सरकत अलिबागच्या दक्षिणेला लागलं. उजव्या अंगाला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज, डाव्या अंगाला वजाबाकी. मुरूड, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दापोली, मंडणगड सगळी उजवीकडे. दर्याचा वारा सरळ अंगावर.

---

रोठेवाला | ५:०५

हे अगदी पटलं. सकाळी वारा मतलई अंगाने होता, डोंगराकडून. बाराच्या सुमारास दक्षिणेला गेला. दीड-दोनला एकदम दर्याकडून. आम्ही मागच्या पडवीत होतो, तिथून माजघरात पळालो, कारण कौलं आता आत येत होती. आई म्हणाली, "वारा फिरला, आता जाईल." तिला कोणी शिकवलं होतं कोण जाणे. मोडलेल्या पोफळी सगळ्या डोंगराकडे तोंड करून पडल्या होत्या. सकाळच्या वाऱ्याने एकही पडली नव्हती.

---

कुंदकळी | ५:४०

अवांतर: आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर त्या दिवशी काकांनी 'निसर्गचा अंतराळातून थेट फोटो' टाकला होता. भला मोठा डोळा, निळं पाणी. माझी नववीतली मुलगी म्हणाली, "हे घड्याळाच्या दिशेने फिरतंय, म्हणजे विषुववृत्ताच्या खालचं आहे." काका अजून तिच्याशी नीट बोलत नाहीत.

---

पिंपळपान | ५:४४

काकांना दक्षिण गोलार्धात पाठवा, तिथे ते बरोबर ठरतील.

---

जुनाजाणता | संध्याकाळी ६:५०

पुण्यात सिमला ऑफिसच्या मागे बालपण गेलं, म्हणून दोन शब्द. (हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून १९२८ मध्ये पुण्यात आलं, नाव चिकटलं ते चिकटलं. वादळांचं केंद्र आता दिल्लीत.)

तुम्ही आज अर्धा तास चित्र उशिरा आलं तर चिडता. पहिला हवामान उपग्रह टायरॉस-१ हा १ एप्रिल १९६० ला गेला आणि दहाच दिवसांत त्याने न्यूझीलंडजवळचं एक वादळ टिपलं, ज्याची खाली कोणाला फारशी खबर नव्हती. त्याआधी भर समुद्रातलं वादळ कळायचं ते त्यात सापडलेल्या जहाजाकडून, ते जहाज उरलं तर.

आपल्याकडे इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ मध्ये गेला. १९७७ साली आंध्रच्या दिविसीमेत दहा हजारांच्या घरात माणसं गेली. १९९० मध्ये त्याच किनाऱ्यावर, मछलीपट्टणच्या बाजूला तशाच ताकदीचं वादळ आलं, तेव्हा हजाराच्या आत. मधल्या काळात चित्रं घरबसल्या मिळू लागली आणि उपग्रहावरून गावात भोंगा वाजवणारी यंत्रं बसली. श्रेय एकट्या उपग्रहाचं नाही, लोकांना हलवणाऱ्यांचंही आहे. आणि १९९९ ला ओडिशात चित्र सगळ्यांसमोर होतं, तरी पुन्हा दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. हेही लिहिलं पाहिजे.

---

सातवा_मजला | ७:२०

शेवटचं वाक्य लिहिलंत म्हणून +१. नाहीतर आरती चालली होती.

तौक्तेच्या वेळीही चित्र होतंच की. मे २०२१, कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला आणि त्याच दिवशी बॉम्बे हायजवळ पी-३०५ तराफा बुडाला. इशारे आधीपासून होते. चित्र वाचणारा आणि निर्णय घेणारा वेगवेगळे असतात, हे धाग्यात कुठेतरी यायला हवं.

---

भूमितीप्रेमी | रात्री ८:०५

एक बारीक शंका. फोनवरच्या चित्रात किनाऱ्याची रेघ आखलेली असते. मी निसर्गचं जुनं चित्र काढून बघितलं, ढगांचा मधला भाग रडारवरच्या केंद्राच्या जरा उत्तरेला वाटतो. माझी नजर खोटी की रेघ खोटी?

---

ढगवाचक | ८:४०

दोन्ही खऱ्या. उपग्रह विषुववृत्तावर, तुम्ही साडेअठरा अंश उत्तरेला, म्हणजे तो तुम्हाला तिरका बघतो. समोरच्या उंच माडाचा शेंडा मागच्या घराच्या कौलावर टेकलेला दिसतो ना, तसं. पंधरा किलोमीटर उंचीचा माथा अलिबागपाशी पाच-सहा किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. केंद्र ठरवताना हे वजा करावं लागतं. मुंबईकरांच्या चिकटपट्टीत या सहा किलोमीटरांचाही थोडा वाटा असेल. :)

---

तांडेलाचो_नातू | ८:५८

आणखी एक बघायचं असेल तर वादळ गेल्यावर चार-आठ दिवसांनी समुद्राच्या रंगाची चित्रं बघा. वादळ पाणी ढवळतं, खालचं गार पाणी अन्नद्रव्यं घेऊन वर येतं आणि वादळाच्या वाटेवर हिरवा पट्टा उमटतो, प्लवकांचा. ओशनसॅटवर रंग बघणारा कॅमेराही आहे. आमचे जुने लोक 'दर्या घुसळला की म्हावरं येतं' म्हणायचे. जाळी शाबूत राहिली असतील तर, हा भाग निराळा.

---

चहाबिस्कीट | ९:१५

धागा वाचनखुणेत. ढगवाचक, घरी स्वतः टी आकडा काढून बघता येतो का? विचारतोय मित्रासाठी.

---

ढगवाचक | ९:४५

येतो, गंमत म्हणून. इस्रोच्या मोसडॅक साइटवर जुनी चित्रं मिळतात. डोळा नसलेलं, वळलेल्या पट्ट्याचं चित्र घ्या. ड्वोरॅकच्या पद्धतीत एक ठरलेला सर्पिल पारदर्शक कागदावर काढून तो चित्रावर फिरवत बसवतात आणि थंड पट्टा त्यावर कितपत गुंडाळला जातो ते दशांशात मोजतात. अर्धा वेढा म्हणजे टी २.५ च्या आसपास, जवळपास पूर्ण वेढा म्हणजे ३.५. फक्त एकच चित्र घेऊन निकाल देऊ नका, सहा-सहा तासांची माळ घ्या. आणि हो, वादळ मंदावायला लागलं की ढग आधी विस्कटतात, वारा मागून उतरतो. म्हणून टी उतरला तरी जोराचा आकडा बारा तास तरी लगेच उतरवत नाहीत. विस्कटलेलं दिसलं म्हणून आईला 'फार काही नाही' सांगू नये, ते यामुळेही.

---

रोठेवाला | ७ जून, रात्री १०:२०

दोन दिवस धाग्यावर नव्हतो, कारण तेच करत होतो. ट्रेसिंग पेपर मिळाला नाही, शेवटी भाच्याच्या वहीचा बटर पेपर घेतला. ३ जूनच्या पहाटेपासूनची चित्रं छापून आणली, सर्पिल काढला, बसवला. पहिल्यांदा माझा टी ३ आला, भाच्याचा ४. भांडलो. पुन्हा मोजल्यावर दोघांचाही ३.५ च्या जवळ आला, पण तोवर उत्तर आधीच माहीत होतं, त्यामुळे आमच्या प्रामाणिकपणावर कोणी जाऊ नये. आईने विचारलं काय करताय, सांगितलं. म्हणाली, "पडलेल्या पोफळी मोजायच्या सोडून हे काय मोजताय."

तेव्हा लावलेल्या रोपांना यंदा पहिल्यांदाच एक-दोन घड दिसतायत. व्यापारी अजून फिरकलेला नाही.

---

कुंदकळी | १०:३१

रोपं श्रीवर्धनी रोठा सुपारीचीच ना? आमच्या गुहागरच्या परसात चार लावायची आहेत. कुठे मिळतील?

---

रोठेवाला | १०:४०

रोठाच. पावसाचा जोर बसला की या, आमच्याकडूनच न्या. काकांना आणू नका.